उंचीच्या निम्मी दोरी

डहाणूहून बोर्डीकडे निघालं की नरपडनंतर चिखले लागतं. एका अंगाला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. सकाळी ओहोटीच्या वेळी इथली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, आणि चालायला आलेली माणसं दिसतात. वजनाचा विषय निघाला की बोलणं हमखास किलोवर येतं. कुणी पंधरा दिवसांत दोन किलो उतरवलेले असतात, कुणी महिनाभर चालूनही काटा हललेला नसतो आणि म्हणून ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून टाकलेलं असतं.

या प्रकरणात काटा थोडा बाजूला ठेवू आणि एक सुतळी घेऊ. भिंतीला टेकून उभं राहा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत कुणाकडून तरी ती मापून तोडून घ्या. आता ती दुमडून निम्मी करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता ती पोटाभोवती गुंडाळा. टोकं एकमेकांना भेटली तर ठीक. भेटत नसतील, तर वजन कितीही असो, पोटात चरबी साठते आहे असं समजून पुढची पानं वाचा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम आता ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेच्या मार्गदर्शिकेतही आहे. आपल्याकडे करगोटा घालणाऱ्या माणसाला तो कधीपासून काचायला लागला हे नेमकं आठवतं. आजाराची सुरुवात शोधायची तर ती तारीख बऱ्याचदा रक्ततपासणीच्या तारखेपेक्षा खरी असते.

किलोवर एवढा अविश्वास का, याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी एकच होता : २२.३. दोघेही कुठल्याही तक्त्यानुसार सडपातळ. पण यंत्राने चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हा एक भाग झाला. पण फरकाचं सगळं कारण तेवढंच नव्हतं.

याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मत होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत लहान असणार हे उघडच होतं. पण ती सगळीकडे सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव जास्त खुरटले होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं की शरीर मेंदू वाचवतं, थोडी चरबी राखतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. ही काटकसर आयुष्यभर पुरते. असं मूल पुढे मोठं होऊन खुर्चीवरच्या नोकरीला लागलं, हाताशी पैसा आणि तेलकट खाणं आलं, की त्याला मधुमेह व्हायला युरोपीय माणसाइतकं लठ्ठ व्हावं लागत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ बॉडी मास इंडेक्सच्या २५ ऐवजी २३ वर ओढली आहे आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० सेंटिमीटर.

पालघर जिल्ह्यात ही गोष्ट जास्त जिव्हारी लागते. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, पण जव्हार-मोखाड्याचं कुपोषण त्याच्या कितीतरी आधीपासून बातम्यांत आहे. कमी वजनाची बाळं इथे परकी नाहीत. त्यांतली जी जगली, शिकली, ती आज उंबरगावच्या किंवा बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करतात, मुंबईला जातात. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडहून थेट चर्चगेटची लोकल सुटते. त्या सोयीने घरं सावरली, पण एका बाजूचा प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा. पहाटे घर सोडायचं, दिवसभर बसायचं, उतरल्यावर वडापाव आणि चहा, रात्री उशिरा पोटभर भात आणि लगेच अंथरूण. आजोबा भाताची लावणी करत होते, बाप चिकूच्या वाडीत चढउतार करत होता. दोन पिढ्यांत ताटातला भात तोच राहिला, अंगातली मेहनत गेली.

आत काय बिघडतं ते समजायला कणगी डोळ्यासमोर आणा. जादा अन्न साठवायला कातडीखाली चरबीची कणगी असते. ती ज्याची मोठी, त्याचं वजन वाढलं तरी बराच काळ काही बिघडत नाही. आपल्यातल्या पुष्कळांची कणगी लहान. ती भरली की धान्य घरभर सांडावं तशी चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती जाऊन बसते. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर, उपाशीपोटीसुद्धा, रक्तात साखर सोडत राहतं. हेच यकृत ट्रायग्लिसराइड ही चरबीही जास्त बाहेर पाठवतं आणि चांगल्या कोलेस्टेरॉलची पातळी उतरते. तिकडे स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून ओतून थकतं. पोटातली चरबी रक्तदाब चढवते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज धरते. साखर, रक्तदाब, यकृत आणि हृदय यांसाठी आपण चार डॉक्टर आणि चार फायली करतो, पण या चारही दुखण्यांचं मूळ बहुतेक वेळा या सांडलेल्या चरबीत असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आणि १३.६ कोटींना मधुमेहाची पूर्वावस्था असल्याचा अंदाज आला, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

यातली चांगली बातमी अशी की जी चरबी शेवटी सांडते, ती आधी उचलली जाते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेहाच्या अकरा रुग्णांना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरींच्या आहारावर, अर्थातच देखरेखीखाली, ठेवलं. पहिल्या आठवड्यातच यकृतातली चरबी घसरली आणि उपाशीपोटीची साखर जागेवर आली. माणूस वरून जाडच दिसत होता, पण आतलं यकृत मोकळं झालं होतं. पुढे ब्रिटनमध्ये ३०६ जणांवर ‘डायरेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हतं, असेच रुग्ण तिच्यात घेतले होते. वर्षाअखेर आहार कमी केलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. ज्यांनी पंधरा किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात तर ८६ टक्के.

पंधरा किलो! पासष्ट किलोच्या माणसाने हे वाचून पुस्तक मिटू नये. आता मी ज्या दोन अभ्यासांकडे वळतो ते आपल्या शरीराच्या जास्त जवळचे आहेत आणि त्यांचं म्हणावं तेवढं नाव झालेलं नाही.

पहिला चेन्नईचा. डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक निवडले आणि चार गट केले. एका गटाला फक्त नेहमीचा सल्ला मिळाला. दुसऱ्याला साखर, मैदा, तेल-तूप कमी करायला, भाज्या-डाळींसारखं तंतूंचं खाणं वाढवायला आणि रोज किमान अर्धा तास झपझप चालायला सांगितलं. ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं, त्यांना वेगळा व्यायाम सांगितलाच नाही. आहे ते काम सोडू नका एवढंच सांगितलं. तिसऱ्याला मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची गोळी, चौथ्याला गोळी आणि आहार-चालणं दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्यांच्या गटात ३९.३ टक्के, गोळीच्या गटात ४०.५, दोन्ही केलेल्यांत ३९.५. आहार आणि चालणं यांनी मिळून गोळीइतकंच काम केलं. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की चालणाऱ्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलं नव्हतं. काट्यावर भरवसा ठेवला असता तर ‘महिनाभर चालून काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्याच्या ओळीत हे सगळे जाऊन बसले असते.

दुसरा अभ्यास चीनमधल्या दाचिंग या तेलविहिरींच्या शहरातला. १९८६ मध्ये ३३ दवाखान्यांतून ५७७ लोक घेतले. त्यांत सडपातळही होते. सहा वर्षं काहींना आहार, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. काहीच न केलेल्यांपैकी ६७.७ टक्क्यांना मधुमेह झाला, व्यायाम करणाऱ्यांपैकी ४१.१ टक्क्यांना. खरं मोल पुढे कळलं. कार्यक्रम संपला, शिकवणारे गेले, तरी संशोधक या माणसांची खबर घेत राहिले. तीस वर्षांनी हिशेब केला तेव्हा आहार-व्यायाम केलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात २६ टक्क्यांनी कमी, त्यांमुळे होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी आणि मधुमेह जवळजवळ चार वर्षं उशिरा आलेला.

या विषयात एक निराशेचं पानही आहे आणि ते लपवलं तर वाचकाची फसवणूक होईल. अमेरिकेत आधीच मधुमेह झालेल्या ५,१४५ स्थूल लोकांना वजन उतरवायला मदत केली गेली. पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन गेलं, पण साडेनऊ वर्षांनंतरही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये प्रयोग थांबवला. औषधं कमी लागली, मूत्रपिंडाला जपणूक मिळाली, झोपेतला घोरण्याचा आजार उतरला, हा फायदा झालाच. मी यातून दोन गोष्टी घेतो. एक, उशीर महागात पडतो. उंबरठ्यावर अडवलेला पाहुणा घरात शिरलेल्यापेक्षा सहज परततो. दुसरी, किती खाता याइतकंच काय खाता हे हृदयाला कळतं. स्पेनमध्ये अक्रोड-बदामांसारखा सुकामेवा किंवा ऑलिव्हचं तेल, भाज्या, डाळी, मासे असा आहार घेणाऱ्यांमध्ये, वजन उतरवायला सांगितलेलंच नसतानाही, हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलं.

आता चिखल्याच्या ताटाकडे. किनाऱ्यावरच्या माणसाला बाहेरून काही आणायची फारशी गरज नाही. बोंबील, मांदेली, बांगडा ही स्वस्तातली प्रथिनं आहेत. वाल, तूर, चवळी आहे. पावसाळ्यात रानभाज्या आहेत, आदिवासी पाड्यांवर नाचणी अजून पिकते. अडचण भाताच्या ढिगाची आहे. ताटाचं निम्मं भाजीने भरा, पाव भाग मासळी किंवा डाळीने आणि उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, हे सांगायला सोपं; पण वाढणाऱ्या हाताला आधी भात दिसतो. म्हणून घरात एक बदल सुचवतो : ताटात आधी भाजी आणि मासळी येऊ द्या, त्यातलं निम्मं संपल्यावर भात मागा. जेवणानंतरची साखर एवढ्या क्रमबदलानेही कमी चढते. मासळी तळण्यापेक्षा कालवणात बरी. सुकी मासळी, लोणचं, पापड यांतलं मीठ रक्तदाब असलेल्याला जड जातं. सुके बोंबील दोन पाण्यांतून काढून घ्यावेत.

चहाचा हिशेब तर करूनच पाहावा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत थांबा म्हणते.

आणि चिकू? ज्या गावची ओळख चिकू, ज्या ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या मधुमेह्याला ‘चिकू बंद’ म्हणून सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. शंभर ग्रॅम गरात वीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे फळ गोड आहे हे खरंच. पण त्यात पाचेक ग्रॅम तंतूही असतात, जे भातात एवढ्या सहज मिळत नाहीत. साखर आटोक्यात असलेल्याने एक लहान चिकू, जेवणावर नव्हे तर मधल्या वेळी, बिस्किटाऐवजी खावा आणि आपल्या यंत्रावर साखर मोजून पाहावी. चिकूचा शेक आणि हलवा ही वेगळी गोष्ट आहे. त्यांत वरून साखर घातलेली असते.

महाराष्ट्रात वजनाबद्दल लिहिताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना टाळता येत नाही. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि ४५ मिनिटं चालायचं, ही डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून आलेली पद्धत त्यांनी घरोघरी नेली. त्यातून पुष्कळांचं वजन उतरलं. माझ्या मते तिची खरी ताकद मधलं चरणं थांबवण्यात आहे : चहा-बिस्किट, फरसाण, प्रसादाचा पेढा. वेळेच्या बंधनात वेगळी जादू आहे का, हे चीनमधल्या ग्वांगजो इथे १३९ लोकांवर तपासलं गेलं. वर्षभरात फक्त आठ तासांच्या खिडकीत जेवणाऱ्यांचं वजन ८ किलोने आणि वेळ न पाळता तेवढ्याच कॅलरी कमी केलेल्यांचं ६.३ किलोने उतरलं. हा फरक निर्णायक ठरला नाही. तेव्हा ज्याला दोन वेळा झेपतं त्याने दोन वेळा जेवावं, ज्याला तीन वेळा लागतं त्याने थोडं थोडं तीनदा. भांडण्यासारखं त्यात काही नाही. मात्र साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना जेवण एकाएकी कमी केलं तर साखर धोकादायक घसरते. आधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, मग ताट.

व्यायामाने वजन किती उतरतं? खरं सांगायचं तर थोडंच. अर्ध्या तासाच्या चालण्याने सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, एक वडापाव त्याच्या दुप्पट परत आणतो. पण व्यायामाचं काम वेगळंच आहे. जेवणातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. बसलेल्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनने दार ठोठावावं लागतं. चालणारा स्नायू ते स्वतःच उघडतो. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची फेरी, अंगणात का होईना, फार मोलाची. आणि जन्मतःच स्नायूंवर काटकसर झालेल्या आपल्या शरीराला नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा तरी ओझ्याचं काम हवं : उठाबशा, जोर, पाण्याचे हंडे, कुदळ. जाळी लावलेला लांब बांबू पेलत दिवसभर मान वर करून चिकू उतरवणारा मजूर आणि भरलेले क्रेट उचलणारी बाई यांना हे सांगायची गरज नाही. त्यांना पोटभर आणि नीट खायला मिळणं एवढीच त्यांची गरज आहे.

उतरलेलं वजन परत येतं, हाही सर्वांचा अनुभव. त्यात माणसाच्या मनाचा कमकुवतपणा शोधू नये. वजन घटलं की शरीर दुष्काळ आला असं धरून भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. पुण्याच्या त्या बाळाने आईच्या पोटात केलं तेच. म्हणून झेपेल एवढंच उतरवावं. अमेरिकेतल्या ३,२३४ लोकांच्या चाचणीत वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच ध्येय होतं. मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. पुढे वजन बरंचसं परतलं, तरी पंधरा वर्षांनंतरही २७ टक्के फायदा शिल्लक होता. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलो. पाच किलो गेले की वरचा रक्तदाब चार-पाच अंकांनी उतरतो, ट्रायग्लिसराइड घटतं, सुतळीची टोकं जवळ येतात.

बायकांचं काय? घरातली सून भर दिवसा किनाऱ्यावर चालायला निघाली तर ‘हिला कामं नाहीत का’ असं अजूनही बोललं जातं. त्यात घरातलं काम हाच तिचा व्यायाम धरला जातो. भांडी आणि केर यांनी दम लागत नाही, घाम येत नाही. थकवा मात्र येतो. चार-पाच जणींनी मिळून निघणं हा त्यावरचा मला माहीत असलेला एकमेव चालणारा तोडगा.

आणि बाईच्या शरीरापाशीच ही गोष्ट सुरू झाली होती. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून सहा हजारांहून जास्त बायकांबरोबर एक प्रयोग झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून त्यांना रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध होतं, दुसऱ्याच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे साधे पदार्थ. पालेभाज्या-दुधाच्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के बायकांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. त्या बायकांचं काहीच कमी केलं नव्हतं. रोजच्या खाण्यात एक मूठभर हिरवं वाढलं होतं. चिखल्याच्या वाड्यांच्या मागे जे पाडे आहेत, तिथे आज दहावी-बारावीत असलेल्या मुलींच्या डब्यात काय असतं, यावर इथल्या २०६० सालच्या माणसांच्या कमरेचं माप बऱ्याच अंशी ठरतं आहे.